पाण्याविना धुणं



लग्नसराई संपली की आमच्या घरी एक काम हमखास निघतं. ठेवणीतल्या साड्या ड्रायक्लीनिंगला टाकायच्या. यंदा मी माझा शालू शहरातल्या एका दुकानात टाकला होता. आठ दिवसांनी तो छान घडी होऊन, प्लॅस्टिकच्या पिशवीत परत आला. मी तो पिशवीसकट कपाटात ठेवून दिला आणि विसरून गेले.

पुढे शाळेत कार्यक्रम होता. सकाळी घाईघाईनं कपाट उघडलं, पिशवी फाडली, आणि असा काही गोडसर, उग्र वास नाकात शिरला म्हणता! अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागलं. शालू तसाच दोरीवर टाकला आणि साधी साडी नेसून शाळेत गेले. जाताना ती रिकामी पिशवी मात्र बरोबर घेतली. म्हटलं, आज हाच धडा!

पिशवीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'ड्रायक्लीनर्स'. पाचवीतल्या एका मुलीनं लगेच हात वर केला.

"बाई, ड्राय म्हणजे कोरडं ना? मग कोरडं धुतात कसं?"

प्रश्न अगदी रास्त होता. तुम्हालाही पडला असेल. चला, आधी त्याचंच उत्तर शोधू.

एका पेल्यात पाणी घ्या आणि त्यात चमचाभर गोडं तेल टाका. कितीही ढवळा, तेल आपलं वर येऊन बसतं. पाण्याचं आणि तेलाचं जमतच नाही. म्हणून तर तेलाचा डाग नुसत्या पाण्यानं निघत नाही, साबण लागतो. पण रेशीम आणि लोकर यांचं साबणाशी आणि पाण्याशीही फारसं सख्य नसतं. कपडा आटतो, रंग सुटतो, चमक जाते. मग अशा कपड्यावरचा तेलकट डाग काढायचा कसा? पाण्याऐवजी असा द्रव घ्यायचा, की ज्यात तेल विरघळेल. त्यात कपडा घुसळायचा, की मळ सुटला! म्हणजे ड्रायक्लीनिंगमध्ये कपडा चिंब भिजतो बरं का, फक्त पाण्यानं भिजत नाही. 'कोरडं' आहे ते एवढ्यापुरतंच.

हा शोध म्हणे चुकून लागला. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये जॉली नावाचे एक गृहस्थ होते. त्यांच्या घरी टेबलावरच्या कापडावर दिव्यातलं तेल सांडलं. हे तेल टर्पेंटाइनच्या जातीचं होतं. कापड खराब व्हायच्या ऐवजी तेवढाच भाग स्वच्छ दिसू लागला, अशी गोष्ट सांगतात. पुढे टर्पेंटाइन, पेट्रोल, बेंझिन असल्या द्रवांत कपडे धुण्याची दुकानं निघाली. पण हे सगळे द्रव भडकणारे. एक ठिणगी पडली की दुकान खाक!

मग न पेटणारा द्रव हवा झाला. तो आधीच सापडलेला होता. मायकेल फॅरेडे या थोर शास्त्रज्ञानं 1821 मध्येच तो तयार केला होता. नाव जरा लांबलचक आहे, परक्लोरोएथिलीन. आपण धंद्यातल्या लोकांसारखं 'पर्क' म्हणू. 1930 च्या दशकापासून हा पर्क दुकानांत शिरला आणि जगभर पसरला. पेटत नाही, डाग चांगले काढतो, आणि कपड्यातून चटकन उडून जातो. शिवाय यंत्रात मळका झालेला पर्क तापवून त्याची वाफ करायची, वाफ थंड केली की पुन्हा स्वच्छ पर्क तयार. तोच पुन्हा वापरायचा. मागे उरतो तो चिखलासारखा गाळ.

सगळं कसं सोयीचं! पण गोम पुढेच आहे.

पर्कची वाफ नाकात गेली की डोकं दुखतं, गरगरतं. वर्षानुवर्षं ती छातीत जात राहिली तर मज्जासंस्था, यकृत आणि मूत्रपिंडं यांना त्रास होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था आहे. तिनं 1995 मध्ये पर्कला 'माणसाला बहुधा कर्करोग करणारा' अशा पदार्थांत घातलं, आणि पुढच्या तपासणीतही तेच मत कायम ठेवलं. पालकांनी घाबरून जाऊ नये. एक साडी नेसल्यानं काही होत नाही. खरा धोका त्या यंत्रापाशी दिवसभर उभा राहणाऱ्या माणसाला असतो.

दुसरी गोष्ट त्याहून चोरटी. ती कळायला मी वर्गात काकवी आणली होती. आमची शाळा राहू बेटातली. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला मुळा-मुठा, मध्ये ऊसच ऊस. इथं गुऱ्हाळं पुष्कळ, त्यामुळे काकवीला काय तोटा! पाण्याच्या पेल्यात अलगद काकवी ओतली. ती सरळ तळाशी जाऊन बसली. पर्कही असाच पाण्यापेक्षा जड आहे. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, तर एक लिटर पर्कचं सुमारे 1 किलो 620 ग्रॅम. काकवी निदान हळूहळू पाण्यात मिसळते, पर्क फारसा मिसळतही नाही. दुकानामागं गाळ टाकला किंवा पिंपातून गळती झाली, की तो मातीतून खाली खाली उतरतो, भूजलाच्याही तळाशी जातो. तिथं वर्षानुवर्षं बसतो आणि थोडा थोडा पाण्यात उतरत राहतो. वरून काही म्हणजे काही दिसत नाही.

अमेरिकेत कॅम्प लेज्यून नावाचा एक मोठा लष्करी तळ आहे. तिथल्या काही वसाहतींना ज्या विहिरींचं पाणी जायचं, त्यांच्याजवळ तळाबाहेर एक ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. तिथला पर्क जमिनीत मुरला आणि विहिरींत उतरला. सैनिक, त्यांच्या बायका, मुलं, सगळे अनेक वर्षं ते पाणी प्याले. 1985 मध्ये त्या विहिरी बंद केल्या. तळावर इतर ठिकाणी दुसरी रसायनंही पाण्यात सापडली. या पाण्यानं आजारी पडलेल्या लोकांना न्याय मागता यावा म्हणून थेट 2022 मध्ये खास कायदा करावा लागला. बघा, गळती कधीची आणि कायदा कधीचा!

हे सगळं ऐकून वर्ग चिडीचूप झाला. मलाही वाटलं, आज तास चांगला झाला.

पण मुलांनो, त्या दिवशी मी एक चूक केली होती. ती मला दुसऱ्या दिवशी कळली.

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचं लाँड्रीचं दुकान आहे, भीमेपलीकडे शिरूर तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात. मधल्या सुट्टीत दोघातिघांनी त्याला घेरलं. "तुझे पप्पा विषात कपडे धुतात!" असं म्हणून चिडवलं. तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग मला राहवेना. संध्याकाळी त्याच्या घरी गेले.

वडील नुकतेच दुकानातून आले होते. म्हणाले, "बसा बाई. पोराला ताप-बीप काही नाही. शाळेत जायचं नाही म्हणतोय."

मी झालेला प्रकार सांगितला. चूक माझी, असंही म्हटलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी आपले हात पुढे केले. बोटांची कातडी पांढरी पडून सोललेली होती.

"मी लग्नाआधी सहा वर्षं शहरात ड्रायक्लीनिंगच्या कारखान्यात होतो, बाई. फडकं त्या पाण्यात बुडवायचं आणि हातानं डाग पुसायचे. हातमोजे घाल असं कुणी सांगितलं नाही. रात्री डोकं जड व्हायचं, वाटायचं उन्हाचं असेल. आता माझ्या दुकानात नुसतं धुणं आणि इस्त्री. ड्रायक्लीनचे कपडे पुण्याला पाठवतो. पण क्वचित एखादा डाग मीही पेट्रोलनं काढतो. गिऱ्हाइकाला डाग गेलेला पाहिजे ना!"

मग ते जे बोलले ते मी विसरणार नाही. "बंद करा म्हणणारे पुष्कळ भेटतात, बाई. त्याच्याऐवजी काय करू, हे सांगणारं कुणी भेटत नाही."

खरंच की! मी मुलांना निम्माच धडा शिकवला होता. विष कोणतं ते सांगितलं, पण ज्याचं पोट त्यावर चालतं त्यानं काय करायचं, हे सांगितलंच नव्हतं. घरी आले आणि उरलेला निम्मा धडा शोधायला बसले. तोच आज तुम्हाला सांगते.

आपल्याकडे जशा ग्रामपंचायती, नगरपालिका, तशा अमेरिकेतही स्थानिक संस्था असतात. लॉस एंजेलिस आणि आसपासच्या भागात हवा शुद्ध ठेवण्यासाठी एक खास स्थानिक मंडळ आहे. या मंडळानं डिसेंबर 2002 मध्ये नियम केला. 2003 पासून पर्कचं नवं यंत्र बसवायचं नाही, आणि जुनी यंत्रं 2020 अखेरपर्यंत काढून टाकायची. बघा हं, 'उद्यापासून दुकान बंद' असं म्हटलं नाही. यंत्र महाग असतं, दुकानदाराच्या डोक्यावर कर्ज असतं. म्हणून जवळजवळ अठरा वर्षांची मुदत दिली.

कॅलिफोर्निया राज्यानं आणखी एक युक्ती केली. 2003 च्या कायद्यानं पर्कच्या विक्रीवर शुल्क बसवलं. सुरुवातीला एका गॅलनला तीन डॉलर. (गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास.) मग दर वर्षी ते वाढवत नेलं. त्या पैशातून, जे दुकानदार सुरक्षित पद्धतीकडे वळतील त्यांना दहा-दहा हजार डॉलरची मदत दिली. म्हणजे विष वापरणाऱ्याकडून पैसे घेऊन विष सोडणाऱ्याला दिले!

सिएटल शहर ज्या किंग काउंटीत येतं, तिथली गोष्ट तर मला फारच आवडली. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी. तिथले बरेचसे ड्रायक्लीनर कोरियातून येऊन स्थायिक झालेले. छोटी दुकानं, नवरा-बायको मिळून चालवणारी. इंग्रजीतला जाडजूड नियम त्यांच्या हातात देऊन काय उपयोग? तिथल्या स्थानिक संस्थेनं कोरियन भाषेत माहिती दिली, कोरियन बोलणारी माणसं दुकानात पाठवली. जो पर्कचं यंत्र काढून पाण्यावरचं यंत्र बसवील, त्याला वीस हजार डॉलरचं अनुदान देऊ केलं.

आणि मिनियापोलिस शहर! तिथल्या महापालिकेनं एकेका दुकानदाराशी बोलून, यंत्राच्या खर्चात वाटा उचलून, पर्क सोडायला मदत केली. 2018 पर्यंत शहरातलं एकही दुकान पर्क वापरणारं उरलं नाही. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. संपूर्ण देशासाठीचा नियम त्यानंतर, डिसेंबर 2024 मध्ये जाहीर झाला. त्यात ड्रायक्लीनिंगमधला पर्क दहा वर्षांत टप्प्याटप्प्यानं थांबवायचं ठरवलं होतं. म्हणजे गावं आणि शहरं पुढे चालली, देश मागून आला.

आता तुम्ही विचाराल, "पाण्यावरचं यंत्र? पण रेशमाला आणि लोकरीला पाणी चालत नाही ना?" अगदी बरोबर विचारलंत. नुसतं पाणी रेशमाला तितकं वाईट नसतं. वाईट असतं ते पाण्यातलं आपटणं, घासणं, पिळणं, कडक साबण आणि उष्णता. नव्या पद्धतीत यंत्र कपड्याला अगदी हळुवार हलवतं, जशी आई बाळाला आंघोळ घालते तसं. पाणी किती, किती कोमट, सुकवताना ओल किती ठेवायची, हे सगळं यंत्र मोजून ठरवतं. साबणही सौम्य आणि खास. नंतर कोट एका साच्यावर ताणून बसवतात, म्हणजे तो आटला तरी आकारावर येतो. या पद्धतीला 'वेट क्लीनिंग', म्हणजे ओली धुलाई, असं नाव आहे. गंमतच की नाही! कोरडं धुणं सोडून माणसं पुन्हा पाण्याकडेच आली. पण हे शिकावं लागतं. कोणता कपडा कसा हाताळायचा याचं शिक्षण नसेल तर कपड्याचं नुकसान होतं. म्हणून नुसते पैसे देऊन भागत नाही, शिकवायलाही लागतं.

शिकवणारं कुणी नसलं की काय होतं, तेही सांगते. काही दुकानदारांनी पर्क सोडला आणि त्या जागी एन-प्रोपिल ब्रोमाइड नावाचा द्रव घेतला. तोही मज्जातंतूंना घातक निघाला! आगीतून फुफाट्यात, दुसरं काय!

हा बदल होणारच नाही असं समजू नका. पूर्वी ड्रायक्लीनिंगला कार्बन टेट्राक्लोराइडही वापरत असत. तो आपल्या डोक्यावरच्या ओझोनच्या थराला भोकं पाडतो, हे कळलं. 1987 मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, भारत 1992 मध्ये त्यात सामील झाला, आणि 2010 पासून असल्या कामांसाठी त्याचा वापर आपल्याकडे बंद झाला. त्यातही कारखान्यांना बदलासाठी मदत दिली होती. नियम आणि मदत, बैलगाडीची ही दोन चाकं. एक नसलं की गाडी जागच्या जागी फिरते.

राहू बेटातल्या मुलांना हे दुसऱ्यानं सांगायला नको. वरच्या अंगाला कुणी काय सांडलं, ते आपल्याला वासावरून कळतं. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून आपल्या दारात येतं. फेस येतो, जलपर्णी येते. तुमच्या आजीला विचारा. ती सांगेल, की याच नदीच्या वाळूत झिरे पाडून आम्ही पिण्याचं पाणी भरायचो. ही नदी साफ करण्यासाठी 2015 मध्ये जपानकडून कर्ज घेण्याचा करार झाला. पुणे महापालिकेसाठी 990 कोटी 26 लाख रुपयांची योजना ठरली. त्यात 11 शुद्धीकरण केंद्रं, दिवसाला 39 कोटी 60 लाख लिटर सांडपाणी स्वच्छ करण्यासाठी. एकदा घाण केलेलं पाणी निवळायला किती पैसा लागतो बघा! आधीच थोडी काळजी घेतली तर?

आणि 'हे मोठ्या शहरांचं काम' असंही म्हणू नका. स्वच्छतेसाठी उभं आयुष्य झिजवलेले गाडगेबाबा कोणत्या घरात जन्मले, ठाऊक आहे? परिटाच्या. त्यांच्या नावानं 2000 साली महाराष्ट्रात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. सरकारनं बक्षिसं ठेवली, पण हातात खराटा घेतला तो गावांनीच. ग्रामसभेत उभं राहून 'गावाच्या धुण्याला एक ओटा आणि त्याच्या पाण्याला शोषखड्डा करा' असं सांगायला काही डॉलर लागत नाहीत.

बरं, आपण घरच्या घरी काय करायचं? ही कामं आज संध्याकाळीच करा.

पहिलं काम, कपड्याच्या आतली चिठ्ठी वाचा. नुसतं वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीन. वर्तुळात इंग्रजी पी असेल तर पर्क चालतो, आणि डब्ल्यू असेल तर ती दुकानातली ओली धुलाई चालते. वर्तुळावर फुली म्हणजे ड्रायक्लीन अजिबात नको. पाण्याच्या टबात हात दाखवला असेल तर घरी हातानं धुवा. किती कपडे आपण उगाच ड्रायक्लीनला टाकतो, ते कळेल.

दुसरं, ड्रायक्लीन होऊन आलेला कपडा प्लॅस्टिकमधून काढून, सावलीत वाऱ्यावर टाका. वास गेल्यावरच कपाटात ठेवा. मी केली ती चूक करू नका.

तिसरं, साधा रेशमी किंवा लोकरी कपडा असेल आणि चिठ्ठी परवानगी देत असेल, तर आईबरोबर रिठ्याच्या थंड पाण्यात धुऊन बघा. आधी एका कोपऱ्यावर पारख करा. पिळू नका. भरजरी शालूवर मात्र प्रयोग नको, नाहीतर आई मलाच बोल लावेल!

चौथं, पेट्रोल किंवा रॉकेलनं डाग काढायच्या भानगडीत मुलांनी कधीच पडायचं नाही. मोठ्यांनीही नाही.

आणि पाचवं, लाँड्रीवाल्या काकांना विचारा. 'तुम्ही विष वापरता का?' असं नाही हं! 'काका, हातमोजे आहेत का? दुकानाला खिडकी आहे का?' असं विचारा. पालकांनो, एक जोडी हातमोजे फार महाग नसतात.

आता त्या मुलाचं पुढे काय झालं, ते राहिलंच. पुढच्या सोमवारी मी त्याच्या वडिलांना शाळेत बोलावलं. ते संकोचत होते, पण आले. येताना रिठे, एक बादली आणि जुना लोकरी स्वेटर घेऊन आले. स्वेटरवर तेलाचा डाग होता. त्यांनी मुलांना रिठ्याचा फेस करून दाखवला. डाग चोळायचा नाही, नुसता दाबायचा, हे शिकवलं. पंचात गुंडाळून पाणी कसं टिपायचं आणि सपाट जागेवर कसं वाळत घालायचं, तेही दाखवलं. डाग पूर्ण गेला नाही, थोडी खूण राहिली. त्यांनी ते सरळ सांगून टाकलं. "सगळं निघत नाही बाळांनो. पण कुणाचं डोकंही दुखत नाही."

ज्यांनी चिडवलं होतं, त्यांतल्याच एकानं विचारलं, "काका, तुमचे हात दुखतात का हो?"

ते हसले. पुढच्या बाकावर त्यांचा मुलगा बसला होता. तो मान वर करून सगळ्यांकडे बघत होता.

मुलांनो, तुमच्या गावात धुण्याचं पाणी कुठं जातं? या आठवड्यात त्या पाण्याच्या मागं मागं चालत जा, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन. कुठं पोचलात, ते मला पत्रानं कळवा. मी वाट बघते.

तुमच्या,
बाई